लायडन: पाटी आहे, घर नाही

[दृश्य: अरुंद गल्ली. विटांच्या भिंतीत बसवलेला एक दगड. कॅमेरा हळूहळू जवळ.]

ही वेड्डेस्टेख. नेदरलँड्समधल्या लायडन शहरातली एक आखूड गल्ली. भिंतीतल्या या दगडावर कोरलंय की १५ जुलै १६०६ रोजी रेम्ब्रांट वान राइन इथे जन्मला. आता नजर थोडी वर न्या. इमारत अगदी अलीकडची आहे. चित्रकाराचं घर केव्हाच पाडलं गेलं. लांबलांबून माणसं येतात, दगडासमोर उभी राहतात आणि मग घर शोधत इकडेतिकडे बघतात.

रेम्ब्रांटचे वडील पवनचक्कीवर धान्य दळायचे. चक्की ऱ्हाईन नदीच्या काठी, म्हणून हे कुटुंब ‘वान राइन’, ऱ्हाईनवाले. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं, तसं यांचं नदीवरून पडलं.

लायडनमध्ये पाट्या वाचत फिरायला लागलं की एक गोष्ट जाणवते. हे शहर जे हरवलं त्याची जागा धरून ठेवतं.

[दृश्य: पीटर्सकेर्क चर्चची उंच भिंत, समोर छोटं दार, आत अंगण.]

पीटर्सकेर्कसमोरच्या या अंगणाभोवतीची घरं १६८३ सालची. पण पाटी सांगते त्याआधीच्या रहिवाशाबद्दल. जॉन रॉबिन्सन, इंग्लंडमधून धर्मासाठी परागंदा झालेल्या लोकांचा पाद्री. १६२० मध्ये त्याच्या मंडळीतले काही जण अमेरिकेला निघाले. तिथे वसाहत करायला गेलेल्या प्रसिद्ध मेफ्लॉवर जहाजात हे लोक होते. मागे राहिलेल्यांसाठी रॉबिन्सन इथेच थांबला. नंतर अमेरिकेला जायचं त्याच्या मनात होतं, पण १६२५ मध्ये इथेच त्याचं निधन झालं. समोरच्या चर्चमध्ये त्याला पुरलं.

[दृश्य: कालवा. संथ पाणी. काठाला सायकली टेकवलेल्या.]

आता जरा थांबू या. हा स्टेनस्खूर कालवा. दोन्ही काठ नीट बघा. जुन्या लायडनमध्ये घराला घर खेटून असतं, आणि इथे एका बाजूला एवढी मोठी बाग कशी?

१२ जानेवारी १८०७, सोमवार. बंदुकीची दारू भरलेलं एक जहाज इथे, भरवस्तीत, काठाला बांधलं होतं. दारूची ३६९ पिंपं, डेल्फ्टच्या कोठाराकडे निघालेली. दुपारी सव्वाचारच्या सुमाराला जहाज उडालं. दीडशेच्या वर माणसं गेली. दोनशेहून जास्त घरं भुईसपाट झाली. शाळा सुटायच्या होत्या. मेलेल्यांत वर्गात बसलेली मुलंही होती. ठिणगी कुठून पडली हे सांगायला जहाजावरचं कुणी उरलं नाही. हॉलंडचा राजा लुई बोनापार्ट, नेपोलियनचा भाऊ, त्याच रात्री हेगहून आला आणि ढिगाऱ्यांतून फिरत मदतीची व्यवस्था बघू लागला.

ही जागा कितीतरी वर्षं मोकळीच पडून होती. लोक तिला ‘मोठा ढिगारा’ म्हणायचे, पलीकडच्या काठाला ‘लहान ढिगारा’. मोठ्या ढिगाऱ्यावर आज ही बाग आहे. मधोमध पुतळा आहे वान डेर वेर्फचा. १५७४ मध्ये स्पॅनिश सैन्यानं शहराला वेढा घातला होता, तेव्हाचा हा महापौर. उपासमारीनं वेडावलेल्या लोकांना तो म्हणाला, हवा तर माझा हात तोडून खा, पण वेशीचं दार मी उघडणार नाही. ही आख्यायिका आहे, पण लायडनच्या लोकांनी ती जिवापाड जपलीय. शेवटी बांध फोडून समुद्राचं पाणी आत घेतलं, वेढा उठला आणि होड्यांमधून हेरिंग मासा आणि पांढरा पाव आला. दर ३ ऑक्टोबरला शहरात आजही तेच खातात.

आणि लहान ढिगाऱ्यावर उभी राहिली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. १० जुलै १९०८ रोजी हाइके कामरलिंग ओनेस यांनी तिथे हेलियम वायूचं जगात पहिल्यांदा द्रवात रूपांतर केलं. तापमान उणे २६९ अंश सेल्सिअस. तीन वर्षांनी त्याच थंडीत पाऱ्यातून वीज कसलाही विरोध न होता वाहताना दिसली. आजच्या एमआरआय यंत्रांमधली चुंबकं याच शोधावर चालतात. त्या इमारतीत आता कायद्याचे विद्यार्थी शिकतात.

[दृश्य: संध्याकाळ. रोडेनबुर्खर रस्ता. विटांची मोठी इमारत.]

आतापर्यंत आपण पाहिलं ते असं, की माणसं लक्षात राहिली आणि घरं गेली. इथे घर जागेवर आहे. हा ज्यू मुलांचा अनाथाश्रम होता. १७ मार्च १९४३ च्या संध्याकाळी जर्मनांच्या हुकमावरून शहराच्याच पोलिसांनी आतली मुलं आणि त्यांना सांभाळणारी माणसं बाहेर काढली. आगगाडीनं त्यांना वेस्टरबोर्कच्या छावणीत नेलं. त्यातली बहुतेक सगळी पुढे सोबिबोरला, पोलंडमधल्या नाझींच्या मृत्युछावणीत, मारली गेली.

[दारावर कॅमेरा स्थिर. निवेदन नाही, संगीत नाही. फक्त रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलींचा आवाज.]