टांगानिका : शंखातलं बिऱ्हाड

(दृश्य : वाळूचा तळ, विखुरलेले शंख)

हा शंख नीट पाहा. त्यातली गोगलगाय कधीच मेली. पण आत कुणीतरी आहे. डोकं बाहेर काढतं, अंदाज घेतं आणि सटकन आत जातं.

जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा मासा. अंडी घालायची ती शंखात, पिल्लं वाढवायची ती शंखात. आजूबाजूला वाळू साठली की हा तोंड भरभरून ती उचलतो आणि लांब नेऊन थुंकतो. शेजारच्या शंखांत याचेच भाऊबंद. अख्खी वाडीच वसलेली आहे.

ही वाडी आहे आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांच्या मधोमध, जमीन दुभंगून झालेल्या भेगेत साठलेलं पाणी. लांबी सुमारे ६७० किलोमीटर, खोली १,४७० मीटर. सैबेरियातलं बैकल सोडलं, तर याहून खोल सरोवर जगात नाही. वय ९० लाख ते १ कोटी २० लाख वर्षं. एवढी सवड मिळाली म्हणून इथल्या माशांना वेगवेगळ्या वाटा धरता आल्या. सिक्लिड कुळातल्याच अडीचशेच्या आसपास जाती, आणि जवळजवळ सगळ्या फक्त इथल्या.

(दृश्य : खडकाळ किनारा, माशांचा थवा)

यांतला एक मासा दुसऱ्या माशांचे खवले खाऊन जगतो. मागून येतो, कुशीवर झडप घालतो, चार खवले ओरबाडतो आणि पसार. त्याचं तोंडच वाकडं असतं. काहींचं उजवीकडे वळलेलं, काहींचं डावीकडे. उजवीकडे वळलेला सावजाच्या डाव्या कुशीवर येतो, डावीकडे वळलेला उजव्या. मिचिओ होरी या जपानी शास्त्रज्ञाने या माशांची वर्षानुवर्षं मोजदाद केली आणि १९९३ मध्ये त्यातलं गणित मांडलं. उजवे वाढले की सावजं डावी कूस सांभाळू लागतात. मग डाव्यांचं फावतं, ते वाढतात. काटा असा हलत राहतो, पण निम्म्या-निम्म्याच्या आसपासच. मला तर या सरोवरातली सगळ्यांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

कोकिळेचा कावाही इथे आहे. काही सिक्लिड माद्या अंडी तोंडात धरून उबवतात. शिंगाळ्याच्या जातीचा एक ठिपकेदार मासा नेमक्या त्या वेळी आपली अंडी मध्ये सोडतो. ती आधी फुटतात, आणि बाहेर आलेली पिल्लं यजमानणीचीच पिल्लं गिळतात, तिच्याच तोंडात.

किनाऱ्यावरही वस्ती आहे. पाण्यात बुडी मारून मासे धरणारा नाग आहे. पूर्वेला गोंबेचं जंगल. चिंपांझींच्या अभ्यासासाठी जेन गुडाल १९६० साली तिथे पोहोचल्या, त्या याच पाण्यावरून, बोटीने.

(दृश्य : रात्र, पाण्यावर दिव्यांची रांग)

अंधारी रात्र. चांदणं नसलं की कोळी दिवे घेऊन निघतात. उजेडाकडे डागा जमतात, म्हणजे बोटाएवढे चंदेरी मासे, आपल्या तारलीच्या नात्यातले. सकाळी ते किनाऱ्यावर वाळत पडतात. आपल्याकडे जवळा वाळत घालतात, तेच चित्र.

आता इथली खरी अडचण. एवढं खोल पाणी, पण प्राणवायू फक्त वरच्या थरात. उत्तरेकडे साधारण १०० मीटर, दक्षिणेकडे त्याच्या दुप्पट. त्याखाली मासा जगत नाही. मेलेलं, कुजलेलं सगळं खाली जातं आणि त्यातलं खत तिथेच अडकतं. ते वर आणतो वारा. मे ते सप्टेंबर दक्षिणेकडून वाहणारा वारा वरचं पाणी उत्तरेकडे रेटतो, आणि दक्षिण टोकाला खालचं पाणी वर येतं. मग शेवाळ, त्यावर बारीक जीव, त्यावर डागा.

पण वरचं पाणी तापत चाललंय. तापलेलं पाणी हलकं, ते खालच्यात सहज मिसळत नाही. सरोवराची उत्पादकता सुमारे २० टक्क्यांनी घटली असावी, असं २००३ मध्येच संशोधकांनी मांडलं होतं. त्यात जाळी वाढली, दिवे वाढले, खाणारी तोंडं वाढली.

२०२४ मध्ये टांझानियाने १५ मे ते १५ ऑगस्ट आपल्या बाजूची मासेमारी बंद ठेवली. कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, तशीच बंदी. रोजच्या कमाईवर चूल पेटणाऱ्या घरांना हे तीन महिने फार लांब असतात.

(दृश्य : वाळूवर ओढलेल्या बोटी)

दिवे विझलेले. जाळी गुंडाळलेली. दक्षिणेचा वारा सुटलाय, लाटा उत्तरेकडे निघाल्यात.