पोळ्यातली रिकामी घरं

(उन्हात तिरकी धरलेली अळ्यांची चौकट, अगदी जवळून)

या चौकटीकडे नीट बघा. तपकिरी झाकणांच्या आत कामकरी माश्या कोषावस्थेत आहेत. आणि त्यांच्या अधूनमधून ही रिकामी घरं, कसर लागलेल्या कापडासारखी. जोमदार राणीची चौकट या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग भरलेली असते. अशी विरळ चौकट हाती आली की मधपाळ म्हणतात राणी म्हातारी झाली, किंवा मग रोग आहे का ते तपासतात. ही कारणं असतातच. पण चौकट हातात धरलेल्या या संशोधक आधी वेगळंच विचारतात. ही राणी कोणकोणत्या नरांशी जुळली होती?

मधमाश्यांची जनुकं हा त्यांचा विषय. उत्क्रांती, रानातले जीव आणि बदलतं हवामान या तिन्हींकडे त्या ओढल्या गेल्या, त्या अशाच एका चौकटीपासून.

(प्रयोगशाळा. चिमटा, काचेची बशी, एक माशी)

अल्कोहोलात ठेवलेली माशी बाहेर काढतात आणि तिचा मागचा एक पाय चिमट्याने वेगळा करतात. पायच का? पोटात तिने खाल्लेले परागकण असतात, मध असतो, जिवाणू असतात, आणि त्या सगळ्यांचा डीएनए एकमेकांत मिसळलेला असतो. पायात सापडतो तो बहुतेक तिचा स्वतःचाच. पाय नळीत जातो, चुरला जातो, प्रथिनं विरघळवणाऱ्या विकराबरोबर (एन्झाइमबरोबर) उबेला ठेवला जातो. मग पीसीआरचं यंत्र. तापवायचं, निववायचं, पुन्हा तापवायचं. अशा तीसेक फेऱ्या झाल्या की डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती तयार होतात. कॅमेऱ्याला दिसतो तो फक्त एक बंद डबा. पण त्या रिकाम्या घरांचा उलगडा इथेच होतो.

(राणी अंडं घालताना)

ही राणी. घरात डोकावते, मग वळून पोटाचं टोक आत घालते. अंड्यावर शुक्राणू सोडला तर त्यातून मादी, बहुतेकदा कामकरीच. नाही सोडला तर नर. म्हणजे नराला बाप नसतो, आजोबा मात्र असतो. योहान झिएरझोन या सायलेशियातल्या धर्मगुरूने 1845 मध्ये हे मांडलं, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते. आज आपण मोजू शकतो. मादीत 32 रंगसूत्रं, नरात 16.

आणि इथेच एक मेख आहे. मादी घडण्यासाठी एका विशिष्ट जनुकाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या लागतात, आईकडून एक, बापाकडून एक. या जनुकाचं नाव सीएसडी, ते 2003 मध्ये सापडलं. दोन्ही आवृत्त्या सारख्या निघाल्या, तर फलित अंड्यातूनही नरच होतो, आणि असा नर वसाहतीच्या काही उपयोगाचा नसतो. कामकरी माश्यांना तो अळी असतानाच ओळखू येतो. त्या त्याला खाऊन टाकतात. घर रिकामं होतं.

(पुन्हा तीच चौकट. थोडा वेळ शांतता.)

म्हणून राणीचं बाहेर पडणं इतकं मोलाचं. आयुष्याच्या सुरुवातीच्या मोजक्या उड्डाणांत, उंच हवेत, ती साधारण दहा ते वीस नरांशी जुळते. नर तिथेच मरतात. ती त्यांचे शुक्राणू पोटातल्या एका इवल्या पिशवीत वर्षानुवर्षं जिवंत ठेवते. एखाद्या नराची आवृत्ती तिच्या आवृत्तीसारखीच निघाली, तरी बाकीच्यांमुळे चौकट भरते.

(नकाशा: ऑस्ट्रेलियाचा ईशान्य किनारा)

2007 मध्ये केर्न्स शहरात एका नौकेच्या डोलकाठीत सातेरी माश्यांची वसाहत सापडली. सातेरी मूळची आशियातली, ऑस्ट्रेलियात ती नव्हतीच. पाहुण्या माश्यांची ही सगळी संख्या बहुधा एकाच थव्यापासून वाढली. त्यांच्याकडे सीएसडीच्या फक्त 7 आवृत्त्या होत्या. इतक्या कमी भांडवलावर वसाहती खचायला हव्या होत्या. पण पुढच्या वर्षांचे नमुने तपासले तेव्हा दिसलं, की ज्या आवृत्त्या दुर्मीळ होत्या त्या वाढत गेल्या आणि सगळ्या बरोबरीच्या प्रमाणाकडे आल्या. दुर्मीळ आवृत्तीला तिची जोडगोळी क्वचितच भेटते, म्हणून ती वाया जात नाही. उत्क्रांती म्हटली की लाखो वर्षं डोळ्यांसमोर येतात. ही नमुन्यांच्या बाटल्यांमध्ये, वर्षागणिक दिसली.

(पेटीचं दार. पंख मारणाऱ्या माश्या. दृश्य लांबू द्यावं.)

हे आम्ही दुपारी टिपलं. दाराशी रांगेत उभ्या माश्या पाय रोवून पंख मारताहेत. उडत नाहीत, जागच्या जागी वारा घालताहेत. आत अळ्या आहेत, आणि त्यांना 35 अंशांच्या आसपासची ऊब लागते. ती दोन-तीन अंशांनी ढळली, तरी मोठी झालेली माशी शिकण्यात मागे पडू शकते. उकाडा वाढला की माश्या पाणी आणतात, पोळ्यावर पसरतात आणि वारा घालून ते उडवतात.

आता रांगेतल्या या डावीकडच्या माशीकडे बघा. ती मघाशीच सुरू झाली. तिच्या शेजारची अजून थांबली आहे. आणि ही तिसरी, आत्ता. आई तिघींची एकच, बाप वेगळे असणार. कोणी थोड्याच उकाड्याला पंख उचलते, कोणी उशिरा. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दोन प्रकारच्या वसाहतींचं तापमान मोजलं. काहींमध्ये सगळ्या माश्या एकाच नराच्या होत्या, काहींमध्ये अनेक नरांच्या. अनेक बापांच्या वसाहतींत तापमान जास्त स्थिर राहिलं. सगळ्या सारख्या असल्या, की एका क्षणी सगळ्याच वारा घालू लागतात, पोळं गार पडतं, मग सगळ्याच थांबतात, पुन्हा तापतं. वेगवेगळ्या असल्या, तर जितका उकाडा तितकेच पंख हलतात. हुकूम देणारं कोणी नाही. राणीही नाही.

संशोधक या दारापाशी पुन्हा पुन्हा येऊन बसतात. तापत्या जगात माशीजवळ काय आहे याचं उत्तर त्यांना इथे दिसतं. आणि नेमकं हे वेगवेगळेपणच आपण घालवत चाललो आहोत. जास्त मध देणाऱ्या मोजक्या राण्या निवडायच्या, त्यांच्या लेकी हजारोंनी वाढवायच्या, गावोगाव पाठवायच्या, आणि ढोलीतलं रानमोहोळ दिसलं की धूर करून उठवायचं. मध वाढतो, हे खरं. पण हवेत उडणाऱ्या नरांची सरमिसळ त्या रानमोहोळांतूनच येते.

उष्णतेच्या लाटेत मेण मऊ पडतं, पोळी कोसळतात, वसाहती जातात.

(खण उघडतो. टाचणीला टोचलेल्या माश्या, पिवळी पडलेली लेबलं)

अशाच टोचलेल्या माश्यांनी रानाची बाजू घेतली. न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेल विद्यापीठाचं आर्नोट जंगल आहे. तिथल्या ढोलींतल्या माश्या जीवशास्त्रज्ञ थॉमस सीली 1970च्या दशकापासून अभ्यासत आले. 1987 मध्ये अमेरिकेत वरोआ सापडला, अळ्या-कोषांवर वाढणारा एक परजीवी. तो मुळात सातेरीवरचा, तिने त्याच्यासोबत जगणं जमवलं होतं. अमेरिकेतल्या या माश्या मात्र पाश्चात्त्य मधमाशीच्या जातीच्या, तिला तो नवा होता. रानातल्या वसाहती संपल्या असंच वाटलं. पण काही टिकल्या. मग 1977 मध्ये त्या भागातून गोळा केलेल्या, खणात जपलेल्या माश्यांचा डीएनए आजच्या माश्यांशी ताडून पाहिला. आईकडून उतरणाऱ्या कुळ्यांपैकी बहुतेक नाहीशा झाल्या होत्या, म्हणजे फटका जबर बसला होता. बाकीच्या जनुकांतली विविधता मात्र बरीचशी शाबूत होती. थोड्याच राण्या वाचल्या, पण त्यांच्या पोटातल्या पिशवीत अनेक नर वाचले होते.

बंबलबी, म्हणजे मधमाशीच्या नात्यातल्या जाड, केसाळ माश्या. त्यांची दृश्यं आमच्याकडे नाहीत. त्यांच्याविषयी एवढंच: 2015 मध्ये 67 जातींच्या शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. युरोप आणि उत्तर अमेरिकेत त्यांच्या वावराची दक्षिण हद्द काही ठिकाणी 300 किलोमीटरपर्यंत मागे सरली आहे, उत्तरेकडची मात्र पुढे गेलेली नाही.

(संध्याकाळ. जुन्या झाडाची ढोली. माश्या परतताहेत.)

ढोलीच्या तोंडाशी प्रोपोलिसचा, म्हणजे माश्यांनी झाडांच्या चिकापासून केलेल्या डिंकाचा, काळपट थर आहे, म्हणजे मोहोळ जुनं असावं. संशोधक बाजूला उभ्या आहेत, जाण्यायेण्याच्या वाटेत नाहीत. झाड कापत नाहीत, ढोली मोठी करत नाहीत. जाळी एकदाच फिरते.

आठ माश्या. बाटलीवर पेन्सिलीने झाडाची खूण, तारीख, वेळ आणि सावलीतलं तापमान.

(दाराशी तीन माश्या अजून वारा घालताहेत. निवेदन इथे थांबतं, आवाज चालू राहू द्यावा.)