शिरोरेषेला लटकलेलं लाकूड

मंडळी, टेबलावर ठेवलेली ही पाटी बघा. वर मराठीत ‘आनंद’, खाली तेच नाव कन्नडमध्ये. आमच्या शेजारच्या अण्णांनी नवीन घर बांधलं आणि वास्तुशांतीच्या आधी म्हणाले, “दादा, नाव एकच, पण दोन्ही अक्षरांत पाहिजे.” बेळगावात हे काही नवं नाही, आपल्या निम्म्या गल्लीचं बोलणं दोन्ही भाषांत चालतं. पण ही पाटी कापताना स्क्रोल सॉबद्दल मला जे समजलं, ते आधीच्या चार वर्षांत समजलं नव्हतं. आज तेवढंच सांगतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांनी शिलाई मशीन डोळ्यापुढे आणावं. सुईच्या जागी पाच इंच लांबीचं, जेमतेम 1 मिलिमीटर रुंदीचं पातं. ते जागेवरच वर-खाली होतं आणि लाकूड आपण दोन्ही हातांनी फिरवायचं. सुतार लाकूड पायाखाली दाबून करवत चालवतो, इथे उलट. माझी नोकरी इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर गेली. तिथे जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतो आणि हत्यार सरकतं, त्यामुळे हातांना हा उलटा हिशेब बसायला वेळ लागला. नवशिक्या माणूस लाकूड पुढे रेटतो. पातं मागे वाकतं, काप तिरका जातो आणि दोष यंत्राला मिळतो. शिवाय बहुतेक पाती किंचित एका बाजूला ओढतात, कारण ती बनवताना दातांच्या एका अंगाला बारीक कोर राहते. म्हणून लाकूड सरळ न धरता थोडं तिरपं धरावं लागतं. किती तिरपं, हे कुणी सांगू शकत नाही. टाकाऊ तुकड्यावर एक सरळ रेघ कापा, ते पातंच सांगतं. ताणही असाच कानाने ओळखायचा. बोटाने छेडलं की तारेसारखा स्वच्छ आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर पातं वळणावर दगा देणार.

आता अक्षरांकडे येतो.

देवनागरीला शिरोरेषा आहे, ही या कामातली मोठी सोय. ‘आनंद’ची अक्षरं एका दांडीवर कपडे वाळत घालावेत तशी लटकतात, त्यामुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. मी हौसेने जुन्या वाड्याच्या तुळईचं सागवान घेतलं. लोहचुंबक फिरवून खिळे काढले, 6 मिलिमीटरची फळी करून घेतली. लाकडाचे रेषे शिरोरेषेच्या दिशेने आडवे ठेवले, कारण सगळा भार तिच्यावर. दोन संध्याकाळी कापण्यात गेल्या. पॉलिश पेपर मारताना ‘द’ हातात आला. नुसता ‘द’.

‘द’ कसा लिहितो ते आठवा. शिरोरेषेपासून एक आखूड मान खाली येते आणि सगळं पोट त्या मानेवर. मान उभी, रेषे आडवे. म्हणजे मानेतून जाणारा प्रत्येक रेषा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा, त्याला धरून ठेवणारं काहीच नाही. ‘न’ला आणि ‘आ’ला काना आहे, जाड दांडा आहे, ते टिकले. मग रेषे उभे ठेवून पुन्हा कापलं. ‘द’ टिकला आणि शिरोरेषा मधोमध मोडली. त्या दिवशी यंत्र बंद करून नुसता बसून राहिलो.

उत्तर प्लायवूडमध्ये होतं. त्याचे थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून मान आणि शिरोरेषा दोघांनाही आधार मिळतो. सागवानाचा रंग मिळत नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं. पण बारीक नक्षीला चांगला प्लाय हवाच. ‘द’ची मानही मी कागदावरच दुप्पट जाड केली. छापील अक्षर जसंच्या तसं चिकटवून कापू नका. कापायचं अक्षर वेगळं काढावं लागतं.

अनुस्वाराचं काय? तो तर हवेत. कापला की भुशात पडला. काही जण त्याला वेलीच्या बारीक देठाने जोडतात. मी तो खाली आणून शिरोरेषेला टेकवला, दोनच मिलिमीटर. लांबून सुटा दिसतो.

कन्नडला शिरोरेषा नाही. आनंदची तिथे चार सुटी चित्रं होतात: तीन अक्षरं आणि अनुस्वाराचं शून्य. अण्णांच्या सूनबाईंनी ती मोठ्या कागदावर लिहून दिली, कारण माझं कन्नड बोलण्यापुरतं. पण कापायला बसलो आणि हात चालतच राहिला! ती गोल अक्षरं ताडपत्रावर लोखंडी टोकाने लिहिताना पान फाटू नये म्हणून गोल झाली, असं सांगतात. ती गोलाई या पात्यालाही मानवते. कोपरा आला की पातं अडखळतं, वळणावर नाही. देवनागरीत प्रत्येक कान्याशी कोपरा. तिथे रेषेच्या पुढे टाकाऊ भागात जायचं, तिथे लाकूड वळवायचं आणि मग कोपऱ्यावर परत यायचं. कन्नडची चारही चित्रं मी खालच्या पट्टीवर चिकटवली.

ज्या अक्षराला बंद पोट आहे, त्याला आधी भोक पाडावं लागतं. ‘बेळगाव’ कापायचं तर ‘ब’च्या पोटात तिरपी रेघ, म्हणून तिथेच दोन भोकं. 1.5 मिलिमीटरचं भोक, त्यातून पातं ओवायचं, वर-खाली कसायचं. काही पात्यांच्या टोकांना अडकवायला आडवी पिन असते; म्हणून यंत्र घेताना बिनपिनेच्या पात्याचंच घ्या, पिनेच्या पात्याला फार मोठं भोक लागतं. आतलं सगळं आधी, बाहेरची कड शेवटी. बाहेरचं लाकूड जाईपर्यंत तेच तुमची मूठ असतं.

मास्क लावा. लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांत धरलेलं आहे, आणि ही धूळ बारीक असल्याने दिसतही नाही. पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-कणकुंबीकडे, प्लाय उघडा ठेवू नका. जुलैत सपाट वाटलेला तुकडा दिवाळीपर्यंत पत्रावळीसारखा होतो.

अण्णांची पाटी त्यांच्या दारावर आहे. ही तिची जोडी. दोन फळ्या चिकटपट्टीने एकावर एक बांधून एकदाच कापल्या. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा कारागीर आंद्रे-शार्ल बूल पितळ आणि कासवाची पाठ अशीच एकत्र कापायचा आणि एकाच्या खाचेत दुसरा बसवायचा. माझ्या दोन्ही फळ्या सारख्याच, एवढाच फरक.

आता ही पाटी ओळीतून फिरवूया. ताई, तुमच्यापासून सुरुवात करा. शिरोरेषेला दोन्ही टोकांनी धरा. ‘द’ला धरू नका.