नव्या विमानाला पंखे कशासाठी?

(बडोदे येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो, २८ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या बडोद्यात सी-२९५ या वाहतूक विमानाच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. वायुदलाने मागवलेल्या ५६ विमानांपैकी ४० येथे बांधायची ठरली, १६ स्पेनमध्ये. तेव्हापासून मला एकच प्रश्न वरचेवर विचारला जातो: विमान नवे, मग त्याला जुन्या काळासारखे पंखे कसे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शालेय पदार्थविज्ञानात दडलेले आहे.

विमान पुढे सरकते ते हवा मागे लोटून. समजा, एक किलो हवेच्या वेगात सेकंदाला १०० मीटरची भर घातली, किंवा दहा किलो हवेच्या वेगात दहा मीटरची. रेटा दोन्हींत सारखाच मिळतो. मात्र ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात लागते, त्यामुळे स्थिर हवेचा विचार केला तर पहिल्या रीतीत ५,००० ज्यूल खर्च होतात आणि दुसरीत अवघे ५००. थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा हळू ढकलणे स्वस्त, हे त्यातले मर्म. बडोद्यातल्या हरणीच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी जेट विमानाच्या इंजिनाचे तोंडही याच कारणाने इतके रुंद असते: आजच्या इंजिनांत ज्वलनातून जाणाऱ्या एका भागामागे दहा-बारा भाग हवा नुसत्या पंख्याने बाहेरून ढकलली जाते. पंखा तेथेही आहे, फक्त कवचात आहे.

मग सर्वच विमानांना उघडे पंखे का नाहीत? येथे आकडे मांडून पाहू. सी-२९५च्या पंख्याचा व्यास सुमारे ३.९ मीटर असून तो मिनिटाला १,२०० फेरे घेऊ शकतो. म्हणजे पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २४५ मीटर वेगाने फिरते. विमान ताशी ४८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १३३ मीटरने पुढे जाते. हे दोन वेग परस्परांशी काटकोनात असल्याने टोकाचा एकूण वेग २८० मीटरच्या घरात जातो, आणि सहा-सात किलोमीटर उंचीवर ध्वनीचा वेग ३१५च्या आसपास असतो. अंतर किती थोडे उरले, पाहा. टोक ध्वनिवेगाला भिडले की आघातलहरी उठतात, कार्यक्षमता ढासळते आणि आवाज असह्य होतो. म्हणून अधिक वेग हवा असेल तर कवचातला पंखा, आणि लहान, कच्च्या धावपट्टीवर उतरून काही टन माल पोहोचवायचा असेल तर उघडा पंखा. माझ्या मते डोंगराळ सीमा असलेल्या देशाला हे दुसरे काम अधिक जिव्हाळ्याचे आहे.

आता पंख्यामागचे इंजिन पाहू. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच सुरू करा. दुसरा बटण न दाबताही फिरू लागतो. सी-२९५च्या इंजिनातली शेवटची टर्बाइन, म्हणजे वायूच्या झोताने फिरणारे पात्यांचे चाक, अशीच मोकळी आहे. पुढच्या टर्बाइना हवा दाबणारे कॉम्प्रेसर फिरवतात आणि त्यांतून निघालेला तप्त वायू या मोकळ्या टर्बाइनला फिरवतो. दोहोंमध्ये लोखंडी जोड नाही, वाहतो तो वायूच. त्यामुळे पंख्याचे फेरे जवळपास ठरलेले ठेवून पात्यांचा कोन बदलता येतो. उड्डाणात पाती हवेला घट्ट चावतात, उतरल्यावर उलटी वळून विमान थोपवतात, आणि इंजिन बंद पडलेच तर हवेच्या दिशेने धार करून उभी राहतात, म्हणजे अडथळा कमीत कमी होतो.

ही टर्बाइन मिनिटाला सुमारे २०,००० फेरे घेते आणि पंख्याला १,२००च हवेत. हा फरक गिअरबॉक्स सांभाळतो, आणि मला सर्वाधिक आदर वाटतो तो याच भागाचा. अडीच हजारांहून अधिक अश्वशक्ती त्याच्या दात्यांवरून अखंड वाहत असते. दाते झिजू लागले तर त्यांचे बारीक कण तेलात उतरतात. म्हणून तेलाच्या वाटेवर एक लहानसा चुंबक बसवलेला असतो. देखभाल करणारा कारागीर तो काढतो, कापडाने पुसतो आणि उजेडात धरतो. काळसर धूळ नेहमीची असते. पण नखाएवढी चकाकती कपची दिसली, की विमान जागचे हलत नाही.