आधी मंडळी, मग विधी

नमस्कार श्रोतेहो. मोठेपणी, जाणतेपणी ज्यू धर्म स्वीकारायचा तर काय करावं लागतं, हा आजचा विषय. नियम भरभर सांगतो, कारण मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती लांबलचक आहे.

ज्यू धर्म कुणाला बोलवायला जात नाही. उलट, दारात आलेल्याला रब्बायने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, तीनदा परत पाठवावं अशी रीत आहे. कारण त्यांच्या मते इतरांनी सात आज्ञा पाळल्या तरी पुरे. ज्यूच्या वाट्याला ६१३. तरीही जो हटत नाही, त्याने वर्षभर, कधी त्याहून जास्त शिकायचं, शनिवार पाळायचा, सण करायचे. मग तिघांच्या धर्मपीठापुढे उभं राहायचं, पुरुषाने सुंता करून घ्यायची, शेवटी मिकवेच्या, म्हणजे धार्मिक स्नानाच्या कुंडाच्या, पाण्यात पूर्ण बुडी मारायची. आणि हे एकट्याने होत नाही. पुन्हा सांगतो, एकट्याने होत नाही. मंडळी लागते, म्हणजे एकत्र प्रार्थना करणारा ज्यू समाज.

आता गोष्ट. इटलीच्या दक्षिणेला सान निकान्द्रो नावाचं गाव. तिथे दोनातो मान्दुझिओ नावाचा एक गरीब माणूस राहायचा. पहिल्या महायुद्धात पाय अधू झालेले. वाचायला शिकला तो लष्करी इस्पितळात. (उशिरा अक्षर लागलेली माणसं एकेक शब्द चघळून वाचतात. आपण पोरांना घड्याळ लावून वाचायला लावतो, मग त्यांना आठवत काहीच नाही. असो.) १९३० च्या सुमारास त्याच्या हाती बायबल पडलं. त्यातला जुना करार, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, त्याने वाचला आणि ठरवलं, धर्म असावा तर हा. शेजारीपाजारी, बायाबापड्या त्याच्याकडे जमू लागल्या. शनिवार पाळू लागल्या.

आणि गंमत ऐका. त्याला वाटत होतं, ज्यू लोक केव्हाच संपले! जगात आता आपणच काय ते उरलो! मग गावात एक फेरीवाला आला. तो म्हणाला, अहो, शहरांत ज्यू आहेत की, सिनेगॉग म्हणजे त्यांची प्रार्थनामंदिरंही आहेत. मान्दुझिओने रोमच्या मुख्य रब्बायला पत्र धाडलं. उत्तर नाही. पुन्हा धाडलं. रोमला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. आणि बरोबरच आहे. मुसोलिनीच्या राज्यात आपणहून कोण ज्यू व्हायला निघेल? पुढे १९३८ मध्ये ज्यूंना शाळांतून, नोकऱ्यांतून काढणारे कायदे आले. ही मंडळी तरीही मागे हटली नाहीत.

१९४३ मध्ये ब्रिटिश सैन्य त्या भागात आलं, आणि काही ट्रकांवर ज्यूंचा सहा टोकांचा तारा! पॅलेस्टाइनहून आलेले ज्यू सैनिक होते ते. बघा, इतकी वर्षं ज्यांची वाट पाहिली ते लोक लढाईच्या धुळीतून आले. १९४६ मध्ये रीतसर सुंता झाल्या, प्रवेश झाला. मान्दुझिओ १९४८ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याची बरीचशी माणसं इस्राएलला गेली.

गोष्टीत वेळ गेला. मंडळी निवडायची कशी, हे घाईत सांगतो. जुने नियम काटेकोर पाळणारे ऑर्थोडॉक्स, मधल्या वाटेचे कॉन्झर्व्हेटिव्ह, उदारमतवादी रिफॉर्म असे पंथ आहेत, आणि रिफॉर्म पंथाने दिलेला प्रवेश ऑर्थोडॉक्स मानत नाहीत. इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये देशातल्या रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह धर्मांतरितांनाही नागरिकत्वाचा हक्क दिला. पण तिथे लग्न लावायचं तर गाठ ऑर्थोडॉक्स रब्बायांशीच. म्हणून आधी विचारा, तुमचं धर्मपीठ कोण कोण मानतं? मुंबईतही दोन वाटा दिसतात. मशीद बंदरजवळचं १७९६ चं बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, जुनं सिनेगॉग एकीकडे, आणि डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये उभी केलेली उदारमतवादी ज्युइश रिलिजस युनियन दुसरीकडे.

जाल तिथे आधी कळवून जा. आणि प्रार्थना संपली की लगेच निघू नका. खाण्यापिण्याला थांबा. तुमच्याशी आपणहून कोण बोलतं, ते तिथेच कळतं. नमस्कार.