कोयनेच्या एका घनमीटर पाण्याचा हिशेब

[दृश्य: ऑगस्ट अखेरचा शिवसागर जलाशय, उंचावरून]

सातारा जिल्ह्यातलं कोयना धरण. पाऊस मनासारखा झाला की या शिवसागरात शंभर टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) आसपास पाणी साठतं. वारा पडला की पाण्यावर साधी लहरही उठत नाही. हालचाल नाही, आवाज नाही, ऊब नाही. तरी सगळ्या टप्प्यांचे मिळून १,९६० मेगावॅटचे जनित्रसंच याच पाण्याच्या भरवशावर उभे आहेत.

शाळेच्या पुस्तकात ऊर्जेचे प्रकार एकाखाली एक लिहिलेले असतात. स्थितिज, गतिज, उष्णता, विद्युत, रासायनिक, ध्वनी, प्रकाश, अणुऊर्जा. पाठ करायला बरं. पण या आठ निरनिराळ्या वस्तू आहेत, असा उगाच समज होतो. ती यादी बाजूला ठेवू आणि इथल्या फक्त एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्याच्या मागोमाग जाऊ.

हे पाणी इतक्या उंचावर चढवलं कुणी? सूर्याने. त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होताना दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून जास्त वस्तुमान ऊर्जेत बदलतं. ती अणुऊर्जा. त्यातला नखभर अंश प्रकाश होऊन आपल्या समुद्रावर पडतो आणि पाण्याची वाफ करतो. एका किलो पाण्याची वाफ व्हायला लागतात साधारण २४ लाख ज्यूल. आणि तेच एक किलो पाणी इथून कोकणात उतरताना देतं फक्त साडेचार हजारांच्या थोडं वर. म्हणजे पाचशेवा हिस्सा! बाकीची ऊर्जा गेली कुठे? वाफेचा ढग झाला, तेव्हाच ती अप्रकट उष्मा हवेत मोकळी झाली, आणि मान्सूनचे वारे तिच्यावर पोसले. एवढ्या मोठ्या व्यवहारातले सुटे पैसे काय ते आपल्या हाती लागतात. जलविद्युत म्हणजे तेच.

[दृश्य: नकाशा. कोयना, कराड, कृष्णा, दुसरीकडे पोफळी, वाशिष्ठी]

कोयना नदीची मूळ वाट पूर्वेची. महाबळेश्वरहून निघायचं, कराडला कृष्णेला मिळायचं आणि थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जायचं. धरणापासून समुद्रापर्यंतचा उतार सगळा मिळून साडेसहाशे मीटरचा, पण शेकडो किलोमीटरवर पसरलेला. दगडांवर, काठांवर घासत ती सगळी स्थितिज ऊर्जा उष्णतेत विरते. कुणाला पत्ताही लागत नाही.

पश्चिमेला मात्र सह्याद्रीचा कडा आहे. नवजाजवळ पाणी बोगद्यात शिरतं, डोंगराच्या पोटातून पलीकडे जातं आणि पोलादी नळांतून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोसळतं. जवळजवळ ४७५ मीटर, एका दमात.

वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा. आपल्या घनमीटरचे होतात ४६ लाख ज्यूल, म्हणजे वीजबिलातलं सुमारे १.३ युनिट. बस, एवढंच! पण एका टीएमसीत असे २ कोटी ८३ लाख घनमीटर असतात.

आता हेच पाणी शेतीसाठी धरणाच्या पायथ्याशी सोडलं तर? तिथेही वीजगृह आहे, ४० मेगावॅटचं. पण उतार मिळतो फार तर धरणाच्या उंचीइतका, आणि धरण १०३ मीटरचं. जलाशय तोच, पाणी तेच, ऊर्जा मात्र पाव हिश्शाहूनही कमी. ‘पाण्यात स्थितिज ऊर्जा आहे’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट. ते किती खाली उतरणार, हे सांगितल्याशिवाय आकडा निघत नाही. सांगलीचा ऊस आणि मुंबईची वीज यांची ओढाताण होते, ती या दोन उतारांमध्ये. कृष्णा पाणीतंटा लवादानेही म्हणून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाची मर्यादा घातली: ६७.५ टीएमसी.

[दृश्य: पेल्टन टर्बाइन, जवळून]

पोफळीत १९६२ पासून फिरणारी ही पेल्टन चाकं. तोटीतून पाणी सुटतं ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने. सगळी उंची आता गती झालेली असते. चाकाच्या कडेला बसवलेल्या वाट्या त्या झोताच्या साधारण निम्म्या वेगाने पळतात, त्यामुळे पाणी वाटीत वळतं आणि जवळपास वेग हरवून खाली पडतं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात जितका जोर उरला, तितकी कमाई बुडाली. पुढचं काम जनित्राचं: चुंबक फिरतो, तारांत विद्युतदाब तयार होतो.

कोळशातली रासायनिक ऊर्जा वापरणाऱ्या केंद्राला बॉयलर तापवून सुरू व्हायला तास लागतात. इथे झडप उघडली की काही मिनिटांत वीज. संध्याकाळी मागणी वाढली की कोयना आठवते ती त्यामुळे.

या खोऱ्यातल्या आणखी एका साठ्याचा उल्लेख केलाच पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली. ती ऊर्जा जलाशयाची नव्हती. दाबल्या-ताणल्या गेलेल्या खडकांत ती आधीच साठलेली होती. जलाशयाच्या पाण्याने भेगांमधला दाब वाढवला आणि तिला वाट मिळाली, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात.

आणि आपलं १.३ युनिट? थोडं टर्बाइनच्या घर्षणात, थोडं तारांच्या तापण्यात गेलं. उरलेल्यावर कुठेतरी पंखा फिरला. त्याने हवेला दिलेली गतीही भिंतींवर आपटून, हवेतच घोटाळून उष्णता होते. बंद खोलीतला पंखा खोली थंड करत नाही, किंचित तापवतो. गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. तेच पाणी धबधबा होऊन कड्यावरून पडलं असतं, तर ते स्वतःच जेमतेम एक अंश सेल्सिअसने तापलं असतं.