युसुफझई: जमीन चिठ्ठीवर, वैर चुलतभावाशी

नमस्कार मंडळी! पानिपतचा विषय निघाला की नजीबखान रोहिल्याच्या नावाने आपण आजही बोटं मोडतो. पण हा नजीब मूळचा कुठला? आजच्या पाकिस्तानातल्या स्वाबीकडचा. जमात युसुफझई, म्हणजे पख्तुनांची (पठाणांची) एक टोळी. हो, मलालाचं आडनाव तेच!

'झई' म्हणजे वंशज. युसुफचे ते युसुफझई. त्यांच्यात अकोझई, इलियासझई असे फाटे, आणि त्याखाली 'खेल', म्हणजे पोटशाखा. आपण कुणाच्या खेलातले, यावर जमिनीतला वाटा ठरायचा. म्हणजे वंशावळ हाच सातबारा!

हे लोक आधी काबूलकडे होते. तिथला शासक, तैमूरच्या वंशातला उलूग बेग, याच्याशी बिनसलं, तसे पेशावरच्या खोऱ्यात उतरले आणि सोळाव्या शतकात स्वातचं खोरं घेतलं. १५१९ मध्ये बाबराने त्यांच्या मलिकाची, म्हणजे प्रमुखाची, मुलगी, बीबी मुबारिका, हिच्याशी लग्न केलं. १५८६ मध्ये अकबराची फौज त्यांच्यावर चालून गेली, आणि तिथल्या डोंगरात कोण मारलं गेलं माहितीये? आपला गोष्टीतला बिरबल.

पण मला खरी गंमत वाटते ती 'वेश'ची. त्यांच्यातल्याच शेख मलीने घालून दिलेली ही जमिनीची वाटणी. एखाद्याला ओढ्याकाठची जमीन, दुसऱ्याला खडकाळ, असं कायमचं नको. म्हणून काही वर्षांनी पुन्हा चिठ्ठ्या. वाटा तेवढाच, शेत मात्र दुसरं. अख्खं कुटुंब चूलबोळकी, गुरंढोरं घेऊन दुसऱ्या गावी!

फार समतेचं वाटतं ना? थांबा. वाटा फक्त 'दफ्तर', म्हणजे जमिनीतला वारसाहक्क, असलेल्या पख्तुनांना. कुळं, लोहार, सुतार, न्हावी या चिठ्ठ्यांत नव्हतेच. आणि ज्याची जमीन गेली, त्याचा जिरग्यातला, म्हणजे पंचसभेतला, शब्दही गेला.

आता भाऊबंदकी. पश्तोत चुलतभावाला 'तरबूर' म्हणतात, आणि या शब्दाला वैऱ्याचाही वास आहे. बांध त्याच्याशीच लागून, वाटाही त्याच्याशीच! मग माणूस काय करतो? चुलत्याच्या पोराला शह द्यायला लांबच्या खेलाशी हातमिळवणी. तिकडचा भाऊही तेच करतो. अशा जोडण्यांतून 'डला', म्हणजे तट, उभे राहतात. आपल्या ग्रामपंचायतीत दोन पॅनल कशी पडतात, आठवा जरा.

१९२० च्या दशकात स्वातचे शासक मियांगुल अब्दुल वदूद यांनी वेश बंद केला. त्या फेरीत ज्याच्या हाती जे शेत होतं, ते त्याचं कायमचं झालं. ओढ्याकाठचं असो, नाहीतर खडकाळ.